आरे, आरास, आरा

त्यांच्या घरात 'बघू' म्हणायला बंदी होती.

मी वरची खोली भाड्यानं घ्यायला गेले तेव्हाच त्यांनी नियम सांगितले. पाणी सकाळी लवकर येतं, ते भरून ठेवायचं. गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला कडी लावायची. आणि या घरात कुणी 'बघू' म्हणायचं नाही.

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"सामान कधी आणशील?" त्यांनी विचारलं.

"उद्या, नाहीतर परवा. बघ–"

चष्म्यावरून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"उद्या आणीन," मी म्हणाले.

"हां. मग ये."

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीत सगळे त्यांना बहनजी म्हणत. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म हिंदी आणि संस्कृतचं व्याकरण शिकवलं होतं. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी, आणि त्या बायका स्वतः सासवा झाल्या तरी बहनजी समोरून येताना दिसल्या की पदर सारखा करत. लग्न केलं नव्हतं. खाली दोन खोल्या, वर एक, असं लहानसं घर स्वतःच्या पगारातून बांधलं होतं आणि दारावर फक्त स्वतःचं नाव लावलं होतं. घरात त्या मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी त्यांना बाई म्हणायचे.

'बघू'शी त्यांचं वैर जुनं होतं. त्याचे हिंदी भाऊबंदही त्यांना चालत नसत. एकदा गच्चीवरची टाकी गळायला लागली म्हणून नळाची कामं करणारा एक जण आला. टाकीभोवती फिरला, बोटानं दोन ठिकाणी टकटक केली आणि म्हणाला, "हो जाएगा, बहनजी."

"कौन करेगा?"

"हो जाएगा ना. टेन्शन मत लो."

"अपने आप हो जाएगा? फिर तुम क्यों आए?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्याला खाली आणून त्यांनी खुर्चीवर बसवलं, चहा दिला, चहाबरोबर मावा जिलबी दिली आणि दारात दुसरी खुर्ची टाकून स्वतः बसल्या. त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. बराच वेळ तो मोबाइल बघत बसला. शेवटी वैतागून म्हणाला, "मैं करूँगा. कल सुबह आके मैं करूँगा."

"अब ठीक," म्हणत त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला. जिन्यात मी भेटले तर हळूच म्हणाला, "दीदी, आप यहाँ रहती कैसे हो?"

राहण्यासारखं घर होतं. बाई घरातसुद्धा साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, आता घरात कशाला, असं कुणी विचारलं की म्हणत, "शाळेनं मला सोडलं, बुटांनी काय केलंय?" दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन त्या रस्त्यात उभं राहून, मोठ्यानं तपासत. चौकातल्या पेंटरनं त्यांना बघून एकदा शिडीवरूनच विचारलं होतं, "बहनजी, 'आशीर्वाद' में पहली कि दूसरी?" मग ती वेलांटी नीट होऊन तो शिडी उतरेपर्यंत त्या तिथेच थांबल्या होत्या.

जन्म शाहपूरच्या केळीवाल्या घरातला, पण केळं तोंडात घालत नसत. मी कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लहानपणी कुणी विचारलंच नाही, खाशील का म्हणून. ताटात यायचंच. आता मला कुणी वाढू शकत नाही." त्यांचा भाचा शाहपूरहून दर आठवड्याला गाडीत घालून फण्या आणायचा. त्या त्याच्या देखत ठेवून घ्यायच्या आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की घरोघर वाटून टाकायच्या. भाच्याला हे ठाऊक होतं. तरी तो आणायचा.

मी खकनारची. पुण्याला शिकायला होते तेव्हा स्पॅनिश शिकले, आणि त्या जोरावर हॉटेलांच्या खोल्या बुक करून देणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. काम घरून करायचं, पण आमच्या गावात नेट टिकत नाही, म्हणून बुऱ्हाणपुरात खोली घेतली. स्पेनमधली माणसं आपली सकाळ उजाडली की फोन करत, तेव्हा आपल्याकडे दुपार होत असे. मागच्या गल्लीत पावरलूम. त्या खटखटीवर आवाज चढवून मी दुपारभर बोलत असे.

एके दिवशी बाई जिना चढून वर आल्या.

"रोज कुणाशी भांडतेस?"

"भांडत नाही बाई. कामाचे फोन असतात. स्पॅनिशमध्ये."

"आता जो होता तो काय म्हणत होता?"

"खोलीत गरम पाणी येत नाही म्हणत होता."

"मग तू काय म्हटलंस?"

"मी व्यवस्था करीन, म्हटलं."

त्या खाटेवर बसल्या. "करीन म्हटलंस? त्यांच्या भाषेत? एका शब्दात?"

"हो. आरे."

"अरे काय? नीट सांग."

"नीटच सांगतेय. आरे म्हणजे करीन."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. मग दोनदा मोठ्यानं म्हटला. मला वाटतं, तेव्हाच ठरलं सगळं. त्या उठल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी खाली ये. मी शिकेन."

सकाळी स्वयंपाकघरात फळा लावलेला होता. शाळेतला जुना, कोपरा मोडलेला. मी त्यावर 'आथेर' लिहिलं. आथेर म्हणजे करणे. नियमानं त्याचं भविष्यकाळी रूप 'आथेरे' व्हायला हवं, पण ते होतं 'आरे'. मी करीन, आरे. तू करशील, आरास. तो करील, आरा.

"मधलं 'थे' कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"ते गळतं."

"का?"

"अनियमित आहे, बाई. जी क्रियापदं रोज लागतात त्यातली बरीचशी अशीच आहेत."

त्यांना राग आला. सगळं आयुष्य नियम शिकवण्यात गेलं होतं. त्या फळ्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, आणि बघता बघता चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे काहीतरी वेगळंच आलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला रोज राबायचंय तो नियम कशाला सांभाळेल? नियम रिकामटेकडे सांभाळतात."

मी त्यांना सांगितलं की बोलताना तिथले लोक हे रूप तसं कमीच वापरतात. साधारणपणे 'करायला जातो' अशा धाटणीचं काहीतरी म्हणतात, आणि ते शिकायला सोपंही आहे. त्यांनी ते रूप ऐकून घेतलं आणि मान हलवली. "करायला जातो म्हणजे अजून वाटेतच आहे. वाटेत माणसाला काहीही आठवतं, तो परत फिरतो. मला नको ते. हेच दे."

खरी अडचण आली ती आदरार्थी रूपाशी. स्पॅनिशमध्ये 'तू'ला तूच म्हणतात. शब्द तोच, अर्थ तोच. आणि 'तुम्ही' म्हणायचं असेल तर 'उस्तेद'. पण उस्तेदबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचं लागतं. म्हणजे तुम्ही कराल याला 'आरास' नाही म्हणायचं, 'आरा' म्हणायचं. तो करील, ती करील, तेच.

बाईंनी खडू खाली ठेवला. "म्हणजे मान दिला की माणूस 'तो' होतो."

"तसंच काहीसं."

"समोर बसलेल्या माणसाला उचलून बाहेर नेऊन ठेवायचं, आणि त्याला मान म्हणायचं." त्यांनी फळ्यावरचं 'उस्तेद' पुसून टाकलं. "तू मला उस्तेद म्हणायचं नाही. 'तू' म्हणायचं."

"बाई, मला नाही जमणार."

"त्यांच्या भाषेत म्हणायचंय. आपल्या भाषेत म्हणशील तर फळा डोक्यात घालीन."

पहिले काही दिवस माझी जीभच उचलत नसे. आमच्या घरात थोरल्या बहिणीलासुद्धा अहो-जाहो. मी खाली मान घालून पुटपुटायचे, "तू आरास." आणि त्या खुर्चीत सरसावून, पोरीसारख्या खूश होऊन उत्तर द्यायच्या, "सी. यो आरे." हो, मी करीन.

मग ते घरभर पसरलं. भाकरी थापताना, केस विंचरताना, पावरलूमच्या ठेक्यावर. आरे, आरास, आरा. आरेमोस, आरेइस, आरान. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं मेथी ताजी आहे म्हटलं की त्याला एक आरा. दुधवाल्याला एक आरास. गल्लीतल्या बायका आधी हसल्या. मग विचारू लागल्या, "बहनजी, इस उमर में ये सीख के फायदा क्या?"

"कुछ नहीं."

"फिर?"

"फायदे के लिए चालीस साल बहुत कुछ किया. अब ये करूँगी."

बायका हसून आपापल्या दारांकडे वळत. पण बोलणं थांबत नाही, ते फक्त दाराआड जातं. बहनजी एकट्याच कायकाय बोलतात, परक्या भाषेतलं, कधी मोठ्यानं, कधी हसून. अशात त्या एका सकाळी मोरीत घसरल्या आणि मनगट मोडलं. मी वरून धावत आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा पडलेला, आणि दात आवळून काहीतरी म्हणत होत्या. मी जवळ गेल्यावर कळलं, त्या 'उठेन'चं रूप जुळवून बघत होत्या. आम्ही ते अजून शिकलो नव्हतो.

शेजारणीनं शाहपूरला फोन केला. पडल्याचंही सांगितलं आणि बडबडीचंही.

भाचा आला तो घाबरलेला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, मोठ्या आवाजाचा पण मनाचा मऊ. आत्यानं त्याला लहानपणी घरी ठेवून शिकवलं होतं, आणि तिचं काही बरंवाईट झालं तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील ही भीती त्याला कायम होती. प्लास्टर घालून झाल्यावर तो त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाईंनी मला बरोबर घेतलं.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. समोरच्या खुर्चीवर बाई, बाजूला भाचा, मी मागे. डॉक्टरनं भाच्याला विचारलं, "अकेली रहती हैं?"

"हाँ, साहब."

"खाना खुद बनाती हैं? नींद आती है इनको? ये बड़बड़ाना कब से है?"

बाईंनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "डॉक्टर साहब, व्याकरण में पुरुष कितने होते हैं?"

डॉक्टरनं भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं मान खाली घातली, जणू पुरावाच मिळाला.

"तीन," डॉक्टर जरा सांभाळून म्हणाला.

"उत्तम पुरुष मैं. मध्यम पुरुष आप. अन्य पुरुष कौन?"

"वह."

"वह कहाँ होता है?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"वह कमरे में नहीं होता," बाई म्हणाल्या. "मैं कमरे में हूँ. मुझसे पूछिए."

मग डॉक्टरनं खुर्ची वळवली, अगदी पूर्ण वळवली, आणि पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आप क्या बोलती रहती हैं?" त्यांनी साही रूपं म्हणून दाखवली. मग वार, महिना, उलटे आकडे, सगळं झालं. एकही चुकलं नाही. डॉक्टरनं हाडांसाठी गोळ्या लिहून दिल्या आणि दिमाग एकदम ठीक आहे म्हणून सांगितलं. पण बाई बाहेर पडल्यावर भाचा मागे थांबला, आणि दार लोटता लोटता मला ऐकू आलं, डॉक्टर त्याला म्हणत होता की तरी या वयात एकटं ठेवणं बरं नाही.

भाच्यानं तेवढं पकडलं. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन आला.

"आत्या, आता ऐका माह्यं. खोली तयार केली आहे. तुमची सून खालीच राहते, संडास-बाथरूम आतच आहे. तुमाले काही करा लागणार नाही."

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

"आत्या, जिद्द नका करू. डॉक्टर बोलला आहे."

"मी येणार नाही म्हटलं."

त्यानं ते ऐकलं नाही. खरंच ऐकलं नाही, माणूस पंख्याचा आवाज ऐकत नाही तसं. तो सामान बांधायला लागला. बाई दारातल्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी त्या दिवशी धुतलेली निळी साडी नेसली होती, आणि मला वाटलं, संपलं, यांनी मनातून मान्य केलं. गादी गाडीत गेली. कपड्यांची पेटी गेली. भांडी पोत्यात बांधून गेली, देवघर फडक्यात गुंडाळून गेलं. फळासुद्धा गेला. भाचा घामानं निथळत होता. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, एकीनं तर डोळे पुसायला सुरुवात केली होती. बाईंनी एका हातानं त्याला पाणी दिलं.

सगळं भरून झाल्यावर तो हात पुढे करून म्हणाला, "चला, आत्या."

"तू जा."

"म्हंजे?"

"सामान तुला हवं असेल तर ने. वापरा. मी इथे राहीन."

त्याला समजेना. "मग इतका वेळ काहाले बोलल्या नाही?"

"दोनदा बोलले. तू बांधत होतास."

"आत्या, रिकाम्या घरात कशा राहाल?"

"बसून राहीन. उद्या चटई घेईन."

तो गाडीच्या फळीवर मटकन बसला. मागे पावरलूम चालू होते. मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता, "आत्या, तुमी अजून एखाद्या वेळी पडल्या तर?"

बाईंचाही आवाज खाली आला. "पडेन," त्या म्हणाल्या. "मग उठेन. नाही उठता आलं तर हाक मारीन. ही वर असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण भाच्यानं पाहिलं, आणि सगळ्या गल्लीनं पाहिलं. मला त्या क्षणी खूप काही वाटून गेलं, की मी कोण, भाडेकरू, उद्या माझी नोकरी बदलली तर. मी म्हणाले, "हाक मारतील तेव्हा मी येईन."

भाचा उठला आणि देवघर आधी उतरवून घेतलं. मग फळा. आम्ही दोघांनी मिळून सगळं सामान जागच्या जागी लावलं आणि बाईंनी तिघांसाठी खिचडी टाकायला लावली. जेवताना तो म्हणाला, "निदान मोरीत फरशी तरी बदलतो. खरखरीत लावतो."

"लाव," त्या म्हणाल्या.

त्यांनी हाक मारली नाही असं नाही. दोन-तीनदा मारली. एकदा उंचावरचा डबा काढायला, एकदा ताप आला तेव्हा, एकदा तर फक्त 'मी करू शकेन'मधल्या 'शकेन'साठी 'पोद्रे' आणि 'पोदरे' यांतलं खरं कोणतं हे विचारायला. मी गेले.

याच सुमारास मला कंपनीनं पुण्याला बोलावलं. वरच्या हुद्द्याची जागा होती. घरी आई फोनवर स्थळांबद्दल बोलत होती, वडिलांच्या मते पोरीनं आता लांब जाण्यात अर्थ नव्हता. आणि इकडे मी गल्लीसमोर शब्द दिला होता. मी कुणालाच काही बोलले नाही, बरेच दिवस. बाईंच्या ते लक्षात आलं. फळ्यावर 'जाणे' क्रियापद लिहिलेलं होतं आणि मी प्रत्येक रूपाशी अडखळत होते.

"काय झालंय?"

मी सांगितलं. हेही सांगितलं की मी येईन म्हणून शब्द दिलाय.

"दिलास. आणि आलीस. शब्द देणं म्हणजे खुंटीला बांधून घेणं नव्हे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि प्लास्टरमधून सुटलेल्या, अजून पुरत्या न वळणाऱ्या हातानं फळ्यावर लिहिलं, 'तू इरास.' तू जाशील. मी त्यांना मागेच सांगितलं होतं की त्या भाषेत आज्ञा करतानाही कधीकधी हेच रूप वापरतात.

मी खकनारला गेले आणि वडिलांना म्हणाले, "मी पुण्याला जाईन."

वडील म्हणाले, "विचारायला आलीस का सांगायला?"

"सांगायला."

ते रागावले. आई दोन दिवस बोलली नाही. मग निघताना तिनं डबा दिला. वडील बसपर्यंत आले, बॅग वर टाकली आणि काही न बोलता परत गेले. पुढे हळूहळू बोलायला लागले.

माझ्या जागी बाईंनी एका नर्सला खोली दिली. मला फोनवर म्हणाल्या, "चांगली आहे. पण तिला फक्त वर्तमानकाळ येतो."

वर्षभरानं त्या पुण्याला आल्या, स्पॅनिशच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला. अर्ज स्वतः भरला होता, मलाही नंतर कळवलं. भाचा गाडी चालवत घेऊन आला, वाटेत तीनदा म्हणाला म्हणे की अजून परत फिरता येईल. परीक्षेच्या जागी सगळी विशीतली पोरं. एका मुलीनं त्यांना कुणाची तरी आजी समजून, पालकांनी खाली बसायचंय, असं सांगितलं. "मी परीक्षेला आहे," बाई म्हणाल्या आणि तिच्याच शेजारी बसल्या. पांढरे बूट, निळी साडी, पेन्सिलीला टोक केलेलं. भाचा बाहेर पायऱ्यांवर बसला होता. त्यानं आणलेली केळी तो पेपर देऊन येणाऱ्या पोरांना वाटत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "पेपर अवघड होता काय?"

तोंडी परीक्षेला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा गाल लाल झाले होते.

"काय विचारलं?" मी म्हणाले.

"समोरच्या परीक्षक मुलीनं विचारलं, उद्या काय करणार. पोरांनी सांगितलं असेल, सिनेमा बघायला जातो वगैरे. मी आपली खरी रूपं वापरली. म्हटलं, उद्या मी माझ्या घरी जाईन. दार उघडीन. परवानगी मागणार नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, हे रूप या पायरीच्या अभ्यासक्रमात नाही." त्यांनी पदर खोचला. "मी म्हटलं, ठाऊक आहे."

निकाल लागला. बोलण्यात उत्तम, लिहिण्यात उत्तम, ऐकण्यात नापास, आणि म्हणून एकूण नापास. डावा कान गेले काही महिने जवळजवळ बंद झाला होता, उजवाही मंदावला होता, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ध्वनिफितीतली माणसं त्यांच्यासाठी नुसती पुटपुटत होती. मला वाटलं, आता तरी थांबतील. भाच्यालाही तसंच वाटलं असावं, त्यानं कानाचं यंत्र आणून दिलं आणि परीक्षेचा विषय काढला नाही.

परवा फोन आला. हल्ली त्या फोनवर ओरडून बोलतात आणि मलाही ओरडायला लावतात. ऑफिसमधली माणसं वळून बघतात.

"पुढच्या खेपेचा अर्ज निघालाय," त्या म्हणाल्या.

"बाई, ऐकण्याचा पेपर तसाच असेल."

"असेल."

"कान तेच आहेत. यंत्रानं किती फरक पडणार?"

"थोडा पडेल. जास्त नाही."

"मग तुम्ही पुन्हा नापास व्हाल," मी ओरडले. मला ते असं बोलायचं नव्हतं, पण ओरडून बोलताना मऊ काही बोलता येत नाही.

पलीकडे नुसते कागद सळसळले. ऐकू गेलं नाही की काय, असं वाटलं. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "होईन की. पण मीच होईन. घरी बसवून कुणी मला नापास करणार नाही."

आणि अर्ज भरायचा राहिलाय म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.